एरमेकचा पायबंद

काळ्या मेंढीची लोकर एका टोपलीत, पांढरीची दुसऱ्या टोपलीत, मध्ये सिर्गा आणि तिच्या हातात टकळी. मंगळवारपासून ती दोरा कातत होती. दोरा असा लागतो तरी किती? वर्षाच्या पोराच्या दोन घोट्यांभोवती आठाच्या आकड्यासारखा एक फेरा बसला की झालं. हातभर. एका दुपारचं काम. पण सिर्गाकडे दुपारी पुष्कळ होत्या, आणि हा हातभर दोरा तिनं तीनदा उसवून पुन्हा पिळला होता.

शनिवारी भावाच्या पोराचा, एरमेकचा, पायबंद कापायचा होता. शिंगराला कुरणात सोडताना पुढच्या पायांना दोर घालतात, लांब जाऊ नये म्हणून. माणसाचं पोरही असलंच काहीतरी पायांत घेऊन जन्माला येतं, फक्त ते दिसत नाही, असं डोंगरातल्या तेरेक-बेल गावची माणसं मानतात. म्हणून पोर उभं राहू लागलं की त्याच्या पायांत काळ्यापांढऱ्या पिळाचा दोरा बांधतात, त्याला माळावर उभं करतात आणि लांबून शर्यत सोडतात. पहिला येईल त्यानं दोरा कापायचा आणि पोराचा हात धरून त्याला चार पावलं चालवायचं. मग पोर त्याच्या वळणावर जातं. कापणारा चपळ तर पोर चपळ, कापणारा कामसू तर पोर कामसू. त्यामुळे ही शर्यत नावाचीच. कोण जिंकावं हे आईनं आधी ठरवलेलं असतं आणि बाकीचे पळणारे ऐन वेळी बरोबर धापा टाकायला लागतात.

एके काळी आया सिर्गाला ठरवायच्या. शाळेतून सुटली की मागून कुत्रीही पोचायची नाहीत अशी ती पळे. बारा वर्षांची असताना तिनं पहिला दोरा कापला, अठराव्या वर्षी सातवा. पार खालच्या आळीतल्या बायका दुधाचा तांब्या घेऊन घरी यायच्या आणि म्हणायच्या, रविवारी तुमची पोरगी द्या हो, तिचा पायगुण आहे. बाप तेव्हा घोड्यांच्या कळपामागे असायचा. तो आदल्या दिवशी आपला छोटा चाकू दगडावर घासून तिच्या हाती द्यायचा. सातही दोरे त्याच चाकूनं कापलेले. चाकू अजून होता, तिच्या उशीखाली, लोण्याचं बोट लावलेल्या फडक्यात.

एरमेकचा दोरा मात्र तिनं कापायचा नव्हता. तिनं तो कातायचा होता.

*

बसणं एका दिवसात येत नाही. ते धुळीसारखं साचत जातं, आणि एक दिवस बोट फिरवल्यावरच कळतं की केवढा थर झाला.

सिर्गा नारिन शहरात नर्सिंग शिकायला गेली तेव्हा अठरा वर्षांची होती. तिला शिकायला मिळालं साडेसहा महिने. मार्चमध्ये साथ आली, वसतिगृहाला कुलूप लागलं, आणि पोरींना पंधरा दिवसांचे कपडे घेऊन घरी जा म्हणून सांगण्यात आलं. ती एका पिशवीनिशी आली. बाकीचं सामान तिथंच राहिलं. पुढं त्याचं काय झालं कुणी सांगितलं नाही. शिकवणं फोनवर सुरू झालं. तेरेक-बेलमध्ये फोन लागायचा तो एकाच ठिकाणी, दफनभूमीच्या टेकडीवर. एप्रिलच्या बर्फात टेकडीवर उभं राहून, एका हातमोज्यात फोन धरून, तिनं इंजेक्शन कसं द्यायचं ते चित्रात पाहिलं. परीक्षेच्या दिवशी चित्रही आलं नाही. जुलैत त्याच टेकडीवर बापाला ठेवला. छाती भरली आणि चार दिवसांत माणूस गेला. त्या उन्हाळ्यात गावानं कबरी खणायला पाळ्या लावल्या होत्या. कुणाला नीट रडायलाही उसंत नव्हती.

त्यानंतर आई एकटी राहिली, तिचे दुखरे गुडघे आणि दोन गाई. दुसऱ्या शरदात कॉलेजचं पत्र आलं, की नाव कमी करण्यात आलं आहे. वाईट काही लिहिलं नव्हतं. तिला कुणी हाकललं नाही आणि कुणी परत बोलावलंही नाही. राजधानीत, बिश्केकला एका शिवणकारखान्यात जायचं ठरलं, पिशवीही भरली, तोवर मॉस्कोहून तीन महिन्यांचा एरमेक आला. तिचा भाऊ तलाय आणि वहिनी मायराम तिथं एका गोदामात कामाला होती. तान्ह्या पोराला घेऊन तिथं कुणी ठेवून घेईना. गावची एक बाई परत येत होती, तिच्या कुशीत पोर पाठवलं, बरोबर दुधाच्या पावडरीचे सहा डबे. सिर्गानं भरलेली पिशवी रिकामी केली ती एरमेकचे लंगोट ठेवायला.

अशी ती एकटी नव्हती. बंद पडलेल्या दुकानाच्या पायऱ्यांवर तिच्या वयाची सात-आठ जणं रोज असायची. सूर्यफुलाच्या बिया फोडायच्या, सालं थुंकायची, रस्त्यानं गेलेल्या गाडीचा नंबर पाहून गाडी कुठली ते ओळखायचं. सालकिन, जिच्याबरोबर सिर्गा पहिलीपासून एका बाकावर बसली, ती म्हणायची की या पायऱ्यांना आपण फी भरली असती तर आतापर्यंत डिप्लोमा हाती आला असता.

वसंतात शहरातून एक बाई कागद घेऊन पायऱ्यांशी आली होती. शिकता का? नाही. काम करता का? नाही. शोधता का? यावर सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग बाईनं सिर्गाला विचारलं की दिवसभर काय करतेस. सिर्गानं सांगितलं: पहाटे गाई, मग पाणी, मग पोराला खायला, मग शेणाच्या लाद्या थापणं, भाकरी, पोराला झोपवणं, बटाट्याचं शेत, आईच्या गुडघ्यांना चरबी चोळणं, पुन्हा गाई. बाईनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि कागदावर लिहिलं, "काही नाही." सालकिननं वाकून ते वाचलं.

"बाई, माझ्यापुढं तिच्यापेक्षा जास्त लिहा," सालकिन म्हणाली. "मी तेवढंही करत नाही."

सगळे हसले, बाईसुद्धा. सिर्गाही हसली. ते "काही नाही" मात्र तिच्याबरोबर घरी आलं.

*

एरमेक या शब्दाचा अर्थ विरंगुळा. बापानं नाव ठेवलं ते लांबून, फोनवर. पोर आलं तेव्हा रडून रडून त्याचा आवाज बसलेला. त्याला पहिल्यांदा उकडलेला बटाटा कुणी चाटवला, ताप आला तेव्हा त्याला उभ्यानं कुणी फिरवलं, पहिला दात कुणाच्या बोटाला लागला, हे सांगायला नको. आणि चालवलं ते तिनंच. अंगणात त्याला उभं करायचं, दोन पावलं मागं सरायचं आणि हात पसरायचे. तो एक पाऊल टाकी, ती एक पाऊल मागं घेई. तिचा बाप तिला चालवताना म्हणायचा ते गाणं ती म्हणे:

ऊठ रे शिंगरा, टाक पाऊल,
डोंगरापल्याड लागली चाहूल.
पहिलं पाऊल आईच्या दारी,
दुसरं पाऊल नदीच्या पारी,
तिसरं पाऊल कुठं रे कुठं—
वाट जिथं पहाटे उठं.

तिसऱ्या पावलाला एरमेक हमखास बसे. मागच्या मागं, धप्पकन, आणि वर बघून हसे.

तलाय आणि मायराम आली सप्टेंबरच्या सुरुवातीला. एक महिन्याची सुट्टी, मग परत. एरमेकला आणखी दोन वर्षं इथंच ठेवायचं. मायराम गाडीतून उतरली तेव्हा पोर सिर्गाच्या मानेत तोंड खुपसून ओरडायला लागलं. मायरामनं हात पुढं केले होते ते तसेच राहिले. मग त्याच हातांनी तिनं डोक्यावरचा रुमाल नीट केला.

सून सासरच्या माणसांची नावं तोंडानं घेत नाही. प्रत्येकाला ती आपलं एक नाव ठेवते. पाच वर्षांपूर्वी मायराम सून होऊन आली, तेव्हा सिर्गा सतरा वर्षांची होती आणि दारातून आत यायला तिला उंबरा लागायचा नाही. मायरामनं तिचं नाव ठेवलं वावटळ. "वावटळ, पाणी आण." "वावटळीनं माझा चहा सांडला." फोनवरसुद्धा पहिल्या वर्षी तेच. या खेपेला ते नाव आलं नाही. तीन आठवडे मायराम म्हणत होती, "ऐकतेस का," "इकडं ये जरा." सिर्गानं पहिल्या आठवड्यात वाट पाहिली, दुसऱ्यात मोजणं सोडून दिलं.

गेल्या रविवारी ती गाईचं दूध घेऊन दारापाशी आली, तेव्हा आत आई आणि मायराम पीठ मळत होत्या. शनिवारी कोण कापणार ते बोलणं चाललं होतं. आई म्हणाली, पोर तिच्या हातावर वाढलंय, पायगुणही आहे, तिलाच पळू दे. मायरामनं पिठाचा गोळा उलटा केला.

"आई, मनाला लावून घेऊ नका," ती म्हणाली. "तिचा पायगुण होता, मी नाही कुठं म्हणते? पण आता ती बसलीय. एकदा माणूस बसलं की त्याच्या पायात बसणंच उतरतं. मी तिथं मरमर मरते ती याच्यासाठी. माझं पोर बसायला नको, एवढंच."

सिर्गानं दुधाची बादली खाली ठेवली नाही. कडी वाजली असती.

"मग दोरा तरी तिला कातू दे," आई म्हणाली.

असं ठरलं. कापायला तलाय आणि सिर्गाची मावसबहीण कुमुशाय येणार होती. ती बिश्केकमध्ये एका नोंदणी-वकिलाकडे कामाला होती आणि सही करायला तिच्याकडे स्वतःचं पेन होतं, असं मायराम दोनदा म्हणाली.

*

राग आला असता तर बरं झालं असतं. रागानं माणूस उठतं तरी. सिर्गाला आला तो नुसता थकवा, गुडघ्यांपासून वर चढणारा. तिनं लोकर पिंजली, टकळी घेतली. काळा पदर, पांढरा पदर, दोन्ही एकमेकांवर. पीळ फार घट्ट झाला तर चाकू अडकतो, सैल राहिला तर पोर चालायच्या आधीच दोरा सुटतो आणि तो अपशकुन. तिनं उसवला, पिळला. उसवला, पिळला.

पण बुधवारी पहाटे गाई टेकडीपलीकडे सोडून येताना ती पळाली. ठरवून नाही. उतार होता, पाय सुटले. ओढ्यापर्यंत पळाली आणि तिथं वाकून उभी राहिली. छातीत कुणी खिळे ठोकत होतं. एवढंसं अंतर. पूर्वी हे अंतर ती भाकरी खात पळायची. गुरुवारी पुन्हा पळाली. शुक्रवारी ओढा ओलांडून पुलापर्यंत गेली, तर पुलावर सालकिन होती, शेजाऱ्याचं हरवलेलं वासरू शोधायला आलेली.

"लांडगा मागं लागलाय की नवरा?" सालकिननं विचारलं.

सिर्गाला श्वास मिळाल्यावर तिनं सगळं सांगितलं. उद्या पळणार आहे म्हणाली. कुणी बोलावलं नाही तरी. पळायला कुणाला मनाई नसते, पहिला येईल त्याचा चाकू, रीत तशीच आहे. सालकिन कठड्याला टेकून ऐकत राहिली. मायरामनं कुमुशायला ठरवलंय हे अख्ख्या गावाला ठाऊक असताना पुढं जायचं म्हणजे भर माळावर वहिनीच्या तोंडात मारल्यासारखं, असं ती म्हणाली. मग म्हणाली, "पण मार. आपल्यातलं कुणीतरी कशात तरी पहिलं येऊ दे. पायऱ्यांवर सांगायला होईल."

*

शनिवारी ऊन होतं, पण डोंगरावरून वारा असा येत होता की बायकांनी रुमाल दोनदा गुंडाळले. माळावर लोकरीचा जाड नमदा अंथरला. कढया धूर सोडत होत्या, तेलात पिठाच्या उशा फुगून वर येत होत्या, आणि पोरं त्या गरम गरमच पळवत होती. तलायनं मेंढा कापला होता. जुमाश आजोबा, ज्यांच्या हातानं गावातल्या निम्म्या पोरांचे पाय बांधले गेले, त्यांनी सिर्गाकडून दोरा घेतला, दोन बोटांत ओढून पाहिला आणि म्हणाले की असा सारखा पीळ हल्ली बघायला मिळत नाही. मायरामनं ते ऐकलं. चाकू सिर्गानं स्वतःच नेऊन आजोबांच्या हाती दिला. "बापाचा का?" त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पट्ट्यात खोचला.

एरमेकला नवी टोपी घातली होती. आजोबांनी त्याचे पाय बांधले तेव्हा तो खाली वाकून दोऱ्याकडे बघत राहिला, जणू आपल्याच पायांची आज कुणीतरी ओळख करून दिली. मायराम त्याच्या मागं बसून त्याच्या काखेत हात घालून त्याला उभं धरत होती.

दोनशे पावलांवर पळणारे उभे राहिले. कुमुशाय, पांढरे बूट, केस मागं घट्ट बांधलेले. नात्यातली दोन पोरं, ज्यांना आयांनी कानात सांगून ठेवलं होतं. पाच-सहा शाळकरी पोरं, ज्यांना कुणी काही सांगायचं विसरलं होतं. आणि शेवटी, रबरी बुटांत, सिर्गा. ती रेषेवर येऊन उभी राहिली तशी बायकांतलं बोलणं थांबलं. आईनं कढईतला झारा वर काढला आणि तेल निथळेपर्यंत तसाच धरला. कुमुशायनं सिर्गाकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "अगं, मला वाटलं माझंच ठरलंय." सिर्गा म्हणाली, "तुझंच ठरलंय. पळ."

आजोबांचा रुमाल खाली आला.

पहिली पन्नास पावलं पाय तिचे नव्हतेच. मग कुठूनतरी ते आले. जुने पाय, पंधरा वर्षांच्या पोरीचे, इतकी वर्षं कुठं कोपऱ्यात उभे होते कुणास ठाऊक. वारा कानांत भरला. पांढरे बूट मागं पडले, पोरं मागं पडली, एकाच्या पावलांचा टपटप आवाज तेवढा पाठीशी राहिला. पायऱ्यांवरच्या टोळक्यातून सालकिनची शीळ आली. सिर्गाला वाटलं आपण हसतोय. समोर नमदा मोठा होत आला, त्यावर नवी टोपी, टोपीखाली एरमेक. त्यानं तिला ओळखलं. दोन्ही हात पसरले, अगदी ती पसरते तसे.

आणि त्याच्यामागं मायरामचा चेहरा दिसला. त्यावर राग नव्हता. राग असता तर सिर्गा त्यावरून उडी मारून गेली असती. त्यावर भीती होती. पोर विहिरीच्या काठाशी गेल्यावर आईच्या तोंडावर असते तशी.

तीस पावलं राहिली होती. तेवढ्यात सिर्गाच्या मनात ते आलं, स्वतःच्या आवाजात. खरंच असेल तर? मी दोरा कापला, आणि माझ्या पायात जे उतरलंय ते याच्या पायात उतरलं तर? वीस वर्षांनी हा त्याच पायऱ्यांवर बसला, बिया फोडत, आणि कुणी येऊन याच्या नावापुढं "काही नाही" लिहून गेलं तर? सात जणांचे दोरे कापले तेव्हा ती पळत होती. आता ती कोण होती? या पायांचं काय सांगता येतं?

तिनं पाय टाकले, पण पोटऱ्यांतून काहीतरी काढून घेतलं. कुणाला दिसावं इतकं नाही. घोडेस्वार लगाम करंगळीनं ओढतो तितकंच. पाठीमागची टपटप शेजारी आली, पुढं गेली. लाल मोजे घातलेली एक काटकुळी पोरगी दोन वेण्या उडवत नमद्यावर जाऊन आदळली आणि थांबताच आलं नाही म्हणून आजोबांच्या पोटाला धडकली.

लोक हसले, मग गप्प झाले, मग पुन्हा हसले. कुमुशाय तिसरी आली, कमरेवर हात ठेवून. मागच्या कुणीतरी म्हटलं की सिर्गाला गंज चढला, शेवटाला दम गेला. सिर्गा वाकून उभी होती आणि ते तिला ऐकू आलं. तिनं मान हलवली, हो, दम गेला.

आजोबांनी पोरीला सरळ उभं केलं. "कुणाची गं तू?"

"जिबेक. खालच्या आळीची."

"वय?"

"नऊ."

"आणि तुला कुणी सांगितलं नाही का, की..." आजोबा थांबले. मायरामकडे पाहिलं. काय विचारणार? पहिली आली ती पहिली. त्यांनी चाकू तिच्या हाती दिला, तिच्या मुठीवर आपली मूठ ठेवली, आणि काळापांढरा दोरा एका ओढीत तुटला. ना अडकला, ना चुरगळला.

"तुझा दोरा कुणी कापला होता गं?" त्यांनी सहज विचारलं. ते नेहमीच विचारतात.

पोरीला काय ठाऊक? तिनं मागं वळून आईकडे पाहिलं. बायकांतून तिची आई ओरडून म्हणाली, "सिर्गानं की. हिला चालताच येईना दीड वर्षाची झाली तरी. सिर्गानं कापला आणि तेव्हापासून ही हाताला लागत नाही बघा."

या वेळी कुणी हसलं नाही. वाऱ्यानं कढईचा धूर सगळ्यांच्या तोंडावर आणला, तेवढं डोळे पुसायला बरं झालं. मायराम एरमेकचे सुटलेले पाय हातात धरून बसली होती. तिनं मान वर केली ती सिर्गाकडे बघायला.

जिबेकनं एरमेकचा हात धरला. एक पाऊल. दोन पावलं. तिसऱ्याला तो धप्पकन बसला, वर पाहिलं आणि हसला. मायरामचा हात तोंडावर गेला.

"बसू दे," जुमाश आजोबा म्हणाले. "घोडं उभ्यानं झोपतं. माणसाला बसावंच लागतं."

*

पाहुणे गेले तेव्हा सावल्या ओढ्यापर्यंत लांबल्या होत्या. सिर्गा अंगणात कढया राखेनं घासत होती. जिबेक बक्षिसाची शाल डोक्याला गुंडाळून, मिठाईचा डबा छातीशी धरून केव्हाच घरी पळाली होती. कुमुशाय दिवाणखान्यात गोदामाच्या कामाची माहिती तलायला विचारत होती. वकील पुढल्या महिन्यात कचेरी बंद करणार आहे, असं तिनं जेवताना आईला सांगितलं होतं, कुणाला बोलू नका म्हणून.

मायराम बाहेर आली आणि पालथ्या घातलेल्या बादलीवर बसली. पायातल्या सपाता काढल्या. तिच्या पायांच्या घोट्यांना आकारच राहिला नव्हता. टाचेपासून पोटरीपर्यंत एकच जाडी. सिर्गानं ते पाय तीन आठवड्यांत नीट पाहिलेच नव्हते.

"मी समोर बसले होते," मायराम म्हणाली. "बाकीच्यांना नसेल दिसलं."

सिर्गा घासत राहिली.

"वावटळ. का थांबलीस?"

कढईत हात थांबला. ते नाव तिला अचानक लागलं. मग तिनं जसं होतं तसं सांगितलं. "पोर बसेल म्हणून."

मायराम पाय चोळत राहिली. अंगणात कोंबड्या सांडलेलं पीठ टिपत होत्या.

"म्हणजे त्या दिवशी तू ऐकलंस," ती म्हणाली. आणि पुढं बोलत राहिली. बारा तास उभी राहते म्हणाली. पट्ट्यावरून खोकी येतात, चिकटपट्टी लावायची, पुढं ढकलायचं. बसायला खुर्ची नाही, बसलं की पगार कापतात. चार वर्षं उभी आहे. त्या खोक्यांत काय असतं तेही ठाऊक नाही. "उभं राहणं म्हणजे चालणं असं वाटायला लागलं होतं मला," ती म्हणाली. "तू बसलीस तिथंच आहेस, मी उभी राहिले तिथंच आहे. आणि शहाणी मी."

तिनं झग्याच्या खिशातून कापलेला दोरा काढला. दोन तुकडे, वीतभर लांबीचे. आईनं ते उशीत शिवून ठेवायचे असतात. एक तिनं स्वतःकडे ठेवला, दुसरा सिर्गाच्या ओल्या, राखेनं माखलेल्या हातात दिला आणि तिची बोटं मिटवली. क्षमा-बिमा काही ती बोलली नाही, आणि सिर्गालाही तसं काही ऐकायचं नव्हतं. दोघीही फार दमल्या होत्या.

दारातून एरमेक रांगत बाहेर आला. भिंतीला धरून उठला. टोपी एका कानावर. त्यानं आधी आईकडे पाहिलं, मग सिर्गाकडे, आणि कुणाकडे जायचं ते न ठरल्यासारखा झुलत उभा राहिला.

मायरामनं हात पसरले नाहीत. "मला येत नाही," ती म्हणाली. "दाखव कसं करतेस ते."

सिर्गानं हात झग्याला पुसले, दोरा मुठीतच ठेवला. ती उठली, त्याच्यासमोर दोन पावलांवर वाकून उभी राहिली आणि हात पसरले. गाणं म्हणायला दम नव्हता. नुसते ओठ हलले. पहिलं पाऊल. ती एक पाऊल मागं सरली. दुसरं. ती आणखी मागं. तिसऱ्याला तो बसेल म्हणून तिनं वाट पाहिली. तो डुलला, त्याचं ढुंगण खाली गेलं, वर आलं, आणि पाऊल पडलं. ती मागं सरली. तिला थांबता येत नव्हतं, कारण तो थांबत नव्हता. कोंबड्या बाजूला झाल्या. मायराम अनवाणी त्याच्यामागून एकेक पाऊल येत होती, हात हवेत, धरू की नको अशी.

अशी मागं मागं सरता सरता सिर्गाची टाच फाटकाच्या लाकडाला लागली. तिनं मागं वळून पाहिलं नाही. तिथं काय आहे ते तिला ठाऊक होतं: रस्ता, धूळ, पुढं पायऱ्या. तिनं चाचपून पाय उचलला, लाकडापलीकडे ठेवला आणि हात पुन्हा पसरले.